अस्वलांच्या दिवशी हरवलेली चकती

१

"ही माझी चकती नाही."

अँटन बर्किच हे इतकं हळू म्हणाला की ते फक्त मलाच ऐकू आलं. आमच्या कपडे बदलायच्या खोलीत नुसता धुडगूस चालला होता. सामना जिंकलो होतो, गाणी ठणाणा लावली होती, कोणीतरी कोचच्या बुटांत दाढीचा फेस भरून ठेवला होता, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे अँटनने गोल घातला होता.

अँटनने गोल घालणं म्हणजे काय, ते आमच्या केटल हार्बर गावात शेंबड्या पोरालाही कळतं. बर्फावरच्या हॉकीतला तो बचावपटू. सगळी उमेद छोट्या गावांच्या छोट्या संघांत घालवलेली. उन्हाळ्यात लोकांची छपरं दुरुस्त करायची, हिवाळ्यात बसमध्ये मान वाकडी करून झोपायचं आणि सामन्यात दुसऱ्यांचे फटके अंगावर झेलायचे. नाक मोडलं, पुढचे दात गेले, पोरं त्याला 'आजोबा' म्हणायला लागली, तरी पगारी हॉकीत त्याच्या नावावर एक गोल नव्हता. आता नाताळनंतर तो खेळ सोडणार होता. नाताळाआधीचा हा शेवटचा सामना, म्हणजे त्याचाही शेवटचा. आणि आजच त्याच्या काठीतून सुटलेली ती काळी रबरी चकती थेट जाळीत गेली होती.

पहिल्या गोलची चकती खेळाडूने घरी न्यायची, ही आमची रीत. जवळचा सोबती ती जाळीतून उचलून आणतो, सामानवाला तिच्यावर पांढरी चिकटपट्टी लावून नाव आणि तारीख लिहितो. अँटनच्या हातात तशीच पट्टी लावलेली चकती होती.

"आजोबा, चष्मा लागला वाटतं," मी म्हणालो. "तुझंच नाव आहे की तिच्यावर."

त्याने पट्टी सोलून काढली. खाली कोरं रबर होतं.

"अस्वल कुठंय?" तो म्हणाला.

माझं हसू तिथल्या तिथे विरलं. आज अस्वलांचा दिवस होता. वर्षातून एकदा लोक कापडी अस्वलं घेऊन सामन्याला येतात आणि आमचा पहिला गोल झाला की सगळी बर्फावर फेकतात. ती मग आजारी मुलांच्या इस्पितळात जातात. त्यासाठी आज सामन्यातल्या प्रत्येक चकतीवर एका बाजूला हसरं अस्वल छापलेलं होतं. हिच्यावर नव्हतं. ही सरावाची साधी चकती होती.

"आई बाहेर गाडीत बसलीये," अँटन म्हणाला. "मी तिला काय दाखवू आता?"

२

अँटनची आई मैदानाच्या आत येत नाही. फार वर्षांपूर्वी एकदा आली, आणि त्याच दिवशी अँटनचा जबडा मोडला. तेव्हापासून तिने आत पाऊल टाकणं सोडलं. सामना जवळपास असला की बाई गाडी घेऊन येते, बाहेर लावते आणि हीटर चालू ठेवून रेडिओवर सामना ऐकते. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत अँटनच्या दोन्ही भावांच्या पहिल्या चकत्या ठेवलेल्या आहेत. त्यांच्या शेजारची जागा ती पुसून रिकामी ठेवते. दर रविवारी फोनवर तिचा एकच प्रश्न असतो, "घातलास का?" आणि अँटनचं एकच उत्तर, "पुढच्या वेळी, आई."

आता पुढची वेळ उरली नव्हती.

तेवढ्यात दारात आयलीबाई कांगास येऊन उभ्या राहिल्या. आमच्या सामन्यांचं रेडिओवरचं समालोचन त्याच करतात. वय सत्तरीकडे झुकलेलं, आवाज मात्र असा की वादळातसुद्धा ऐकू यावा. अर्ध्या गावाला त्यांनी शाळेत गणित शिकवलंय, म्हणून सगळे त्यांना 'बाई'च म्हणतात. एखादी गोष्ट आपल्या नजरेतून सुटली, हे त्यांना सहन होत नाही.

"काय रे अँटन, गोल घातलास की दात काढून घेतलास? चेहरा का असा?"

आम्ही त्यांना सांगितलं. बाईंनी ती साधी चकती उलटसुलट करून पाहिली. त्यांचे डोळे चमकायला लागले. मला वाटतं, गोलपेक्षा त्यांना हेच जास्त आवडलं.

"अँटन, तू अंघोळीला जा," त्या म्हणाल्या. "आरामात कर. आईला वाटेल, पोरगा नटतोय. आणि दारवान, तू चल माझ्याबरोबर."

दारवान म्हणजे मी. नाव नील हार्यू, संघाचा दुसरा गोली, म्हणजे गोलरक्षक. पहिल्या गोलीला काही होत नाही तोवर मला खेळायला मिळत नाही, आणि तो घोड्यासारखा तगडा आहे. म्हणून मी बाकाच्या टोकाला बसतो आणि पोरं आत-बाहेर करतील तसं लाकडी दार उघडतो, लावतो. त्यावरून हे नाव पडलं.

सामानवाला स्पड कोपऱ्यात बर्फावरच्या बुटांना धार लावत होता. बाईंनी विचारताच तो भडकला.

"मी काय केलं? रॉबीने चकती हातात दिली, मी पट्टी लावली. डोक्यावर अस्वलांचा पाऊस पडत होता, बाई! एक हत्ती पण होता. लोकांना अस्वल म्हणून सांगितलं तरी हत्ती आणतात."

"चकती कशी होती?"

"कशी असणार? गोल."

"हाताला कशी लागली, ते विचारतेय."

स्पडने यंत्र बंद केलं. "कोमट होती," तो सावकाश म्हणाला. "मला वाटलं, रॉबीच्या हातमोज्यात होती म्हणून."

बाई माझ्याकडे पाहून हसल्या. सामन्यातल्या चकत्या आम्ही फ्रीजरमध्ये गोठवून ठेवतो, नाहीतर त्या बर्फावर चेंडूसारख्या उड्या मारतात. खेळून आलेली चकतीसुद्धा हाताला चटका देते. कोमट असते ती सरावाची, बादलीत पडून राहिलेली.

"सामना चालू असताना सरावाच्या चकत्यांची बादली कुठे असते रे, नील?"

ती बादली माझ्या पायाशी असते.

३

"बाई, आईशपथ, मी नाही."

"तू आहेस असं कुठे म्हटलं मी? पण तू तेव्हा कुठे बघत होतास?"

"वर. अस्वलांकडे."

"गोली ना तू?" बाई म्हणाल्या. "चकतीवरून नजर काढायची नाही, एवढंच तर काम असतं तुमचं."

हे मला लागलं, पण खरं होतं. बाईंनी बोटांवर मोजलं. गोल झाल्यावर जाळीजवळ कोण कोण होतं? चकती बाहेर काढणारा रॉबी. समोरच्या संघाचा गोली प्रुइट. आणि अस्वलं गोळा करायला बर्फावर उतरलेला मासा.

हा मासा म्हणजे आमच्या संघाचं चिन्ह. आम्ही केटल हार्बर स्टर्जन्स, आणि स्टर्जन हा आमच्या तळ्यातला मोठा मासा. जिंकलो की गाववाले आम्हाला 'मासे' म्हणतात, हरलो की 'सुकट'. माशाचा पोशाख घालून नाचतात ते गावातले दातांचे डॉक्टर लुंडीन. हॉकीवर त्यांचं फार प्रेम आहे. का नसेल, आमच्या संघाचे निम्मे दात त्यांनीच बसवलेत. शिवाय जुन्या चकत्या जमवायचा त्यांना नाद आहे.

डॉक्टर पडद्यामागे पोशाखात अडकून बसले होते. डोकं माशाचं, समोर चहा.

"अँटनची चकती?" ते दुखावल्या आवाजात म्हणाले. "मी घेईन? त्याच्या जबड्यात माझं इतकं काम आहे, तो माणूस नाही, माझी पदवी आहे!"

"जाळीजवळ काय करत होतात?"

"अस्वल उचलत होतो. उचलायचा प्रयत्न करत होतो." त्यांनी दोन्ही पंख वर केले. पंखांना बोटं नव्हती. त्यांचा चहाचा कपसुद्धा बायकोने धरला होता.

बाहेर आयर्न बेच्या संघाची बस धूर सोडत उभी होती. प्रुइट पायरीवर बसून पेस्टी खात होता. इथली पेस्टी म्हणजे आत खिमा-बटाटा भरलेली, दोन हातांत धरून खायची. एरवी तिच्यासमोर कोणी दुःखी राहत नाही, पण हा प्रत्येक घासाला उसासे टाकत होता.

"मी चकतीला हात नाही लावला," तो म्हणाला. "मला तिचं तोंडसुद्धा बघायचं नव्हतं. कोणाकडून खाल्ला गोल? आजोबांकडून! आता आमची पोरं मला वसंत ऋतू येईपर्यंत छळणार. आणि सरळ आली हो, बाई. पार लांबच्या निळ्या रेघेपासून सरळ, तसूभरही वळली नाही. मी बघतोय, बघतोय, आणि गेली पायांमधून. माझ्या आजीनेसुद्धा अडवली असती."

"मग जाळीतून कोणी काढली?"

"तुमच्या त्या लाल काठीवाल्या पोराने. हातात घेतली, पाहिली, आणि असा पांढराफटक पडला की मला वाटलं चकतीखाली उंदीर आहे."

४

लाल काठीवाला म्हणजे लुक रॉबिडू, आमचा रॉबी. वीस-एकवीसचं पोर, क्वेबेकमधून आलेलं. त्याची आजी त्याला गावच्या चर्चमधल्या लाल मेणबत्त्या पाठवते आणि हा प्रत्येक सामन्याआधी काठीच्या पात्याला ते मेण चोळतो. पोरं चिडवतात, "रॉब्या, काठी आहे की वाढदिवसाचा केक?" पण तो मेण लावल्याशिवाय बर्फावर उतरत नाही. बरेच सामने झाले, त्याला गोल मिळाला नव्हता. कोचने कालच बजावलं होतं, की असंच चाललं तर दारवानाशेजारी बसायची तयारी ठेव.

रॉबी आम्हाला बघताच बुटांच्या नाड्या बांधायला लागला. त्याने चपला घातल्या होत्या.

"जाळीतून काढली आणि स्पडला दिली. बस्स."

"सरळ?" बाईंनी विचारलं.

"सरळ."

"बरं," बाई म्हणाल्या आणि चालायला लागल्या. मला राहवेना.

"बाई, तो खोटं बोलतोय!"

"ते दिसलं मला. प्रुइट मैदानाच्या पलीकडे, त्याला आपल्या बाकावरची बादली कशी मिळणार? डॉक्टरांना बोटं नाहीत. स्पडने अदलाबदल केली असती तर चकती कोमट होती, हे त्याने आपणहून सांगितलं नसतं. राहिला रॉबी. बाकाजवळ आला, तू वर तोंड करून हत्ती बघत होतास, त्याने बादलीतली एक उचलली आणि स्पडला दिली. घाईत विसरला, की सरावाच्या चकत्यांवर अस्वल नाही."

"पण का? त्याचा आजोबांवर जीव आहे! राहतो आजोबांच्याच घरी. आजोबा त्याला रोज अंडी करून घालतात."

"का, ते मागाहून. आधी चकती कुठे?"

"त्याच्या बॅगेत."

बाईंनी बोटाने दाखवलं. रॉबीची बॅग खोलीच्या मधोमध उघडी पडली होती आणि तिच्यात कोणीतरी पोह्यांसारखा कागदाचा चुरा ओतला होता. आमच्यात हे चालूच असतं. कोणाच्या नाड्या कापायच्या, कोणाचे मोजे गोठवायचे, कोणाच्या टोपीत अंडं ठेवायचं. नवीन पोराची बॅग अर्धा तास सुखाने राहत नाही, आणि ते रॉबीला चांगलं माहीत होतं.

"मग या खोलीत अशी कोणती जागा आहे," बाई म्हणाल्या, "जिथे तुमच्यातलं एकही माकड हात घालत नाही?"

मी विचार केला. गोलीच्या सामानाला कोणी हात लावत नाही. हा आमचा अलिखित कायदा आहे. गोलीची वस्तू हलवली की सामना हरतो, असं सगळे मानतात, मीसुद्धा. पहिल्या गोलीचं सामान त्याच्या अंगावर होतं. म्हणजे बंद पडून होती ती एकच बॅग.

"उघड तुझी बॅग, नील," बाई म्हणाल्या.

५

माझ्या जास्तीच्या हातमोज्यात ती होती. हसरं अस्वल माझ्याकडे बघत होतं आणि त्याच्या गालावर लाल मेणाचा ठळक ओरखडा होता.

बाईंनी रॉबीला हाक मारली नाही. तो आपणहून आला, कारण माझ्या हातात काय आहे ते त्याला लांबूनच दिसलं होतं. तो माझ्या बाकावर बसला आणि भडाभडा बोलायला लागला.

"तो गोल माझा आहे, बाई. म्हणजे मला नकोय तो! मी गोलसमोर उभा होतो. आजोबांनी मारलं, आणि चकती जाताना माझ्या काठीला टक करून लागली. मला जाणवलं. मग जाळीतून काढली तर तिच्यावर माझं मेण. हे मेण आख्खी लीग ओळखते. कोणी पाहिलं असतं तर गोल माझ्या नावावर गेला असता. म्हणून मध्यंतरात ती दारवानाच्या बॅगेत लपवली."

चकती शेवटी ज्याच्या काठीला लागून आत जाते, गोल त्याचा. सामना संपल्यावरही नाव बदलता येतं. आणि गोलसाठी तडफडणारं हे पोर आपला गोल लपवत होतं!

"अरे वेड्या," बाई म्हणाल्या, "मग मेण नखाने खरवडून टाकायचं!"

रॉबीने स्वतःच्या नखांकडे पाहिलं. "सुचलंच नाही," तो म्हणाला.

मला हसू आवरेना, आणि डोळ्यांतही पाणी आलं. मी त्याच्या डोक्यात टपली मारली. "खरवडू आता. कोणाला कळतंय? बाई, तुम्ही काही ऐकलं नाही ना?"

"मी ऐकलं," मागून आवाज आला.

अँटन टॉवेल गुंडाळून उभा होता. केसांतून पाणी गळत होतं. किती वेळ उभा होता, कोण जाणे.

"पोराचा गोल आहे," तो म्हणाला. आवाज शांत होता. "कोचला सांगतो. चकती त्याला द्या. चांगली टिपलीस रे, रॉबी."

"नको, आजोबा! मला नकोय!"

"न घातलेला गोल आईच्या खिडकीत ठेवू? रोज भांडी घासताना ती त्याच्याकडे बघणार." त्याने शर्ट ओढला. "तिला मीच जाऊन सांगतो. तिला सवय आहे."

६

"थांब," बाई म्हणाल्या. चाळीस वर्षं वर्ग गप्प केलेला तो आवाज होता. अँटनचा एक हात बाहीत तसाच राहिला.

"रॉबी, त्या गोलच्या आधी पास कोणी दिला?"

"मीच. कोपऱ्यातून आजोबांकडे मागे दिली आणि गोलसमोर धावलो."

"कशाने दिलास?"

"काठीने. आणखी कशाने देणार?" आणि मग पोराचा जबडा खाली आला.

"म्हणजे मेण पासमुळेही लागू शकतं," बाई म्हणाल्या. "एका ओरखड्यावरून एवढंच कळतं, की कधीतरी तुझी काठी लागली."

"पण मला टक जाणवलं, बाई. फटका जात होता तेव्हाच."

इथे मात्र मला बोलावंसं वाटलं. वर्षभर दार उघडत बसलेल्या माणसालाही कधीतरी काहीतरी कळतं.

"प्रुइट म्हणाला सरळ आली. तसूभरही वळली नाही. बाई, मी गोली आहे. गोल खाल्ला की आम्ही पहिलं वाक्य काय बोलतो? 'कोणाला तरी लागून वळली.' न वळता आली तरी बोलतो. मी तर आईसमोरही बोललोय. पायांमधून गोल खाल्लेला, संघाची पोरं छळणार म्हणून रडणारा माणूस एवढं चांगलं निमित्त सोडून देतो? चकती केसभर जरी वळली असती ना, तरी त्याने बसच्या टपावर चढून गावाला सांगितलं असतं!"

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की शाळेत त्यांच्याकडून कधी न मिळालेली शाबासकी आज मिळाली.

"मग मला काय लागलं?" रॉबीने विचारलं.

बाईंनी डोळे मिटले. सामना आठवताना त्या असंच करतात. "अँटनने काठी उगारली. लोक उभे राहिले. चकती सुटली, आणि मी म्हणाले... मी म्हणाले, 'एकाला फारच घाई झाली, गोल व्हायच्या आधीच पिवळं अस्वल निघालं.' ते गोलसमोर पडलं. रॉबीच्या पायाशी." त्यांनी डोळे उघडले. "अस्वलं कुठे आहेत?"

"लॉरीत," स्पड म्हणाला. "आता सुटेल."

पुढचं दृश्य केटल हार्बर विसरणार नाही. अर्धे कपडे घातलेला आख्खा संघ कडाक्याच्या थंडीत लॉरीकडे धावला. एकाच्या अंगात नुसती चड्डी आणि लोकरी टोपी. डॉक्टर माशाच्या पोशाखात, मागून शेपटी धरून बायको. लॉरीवाला ओरडत होता, "अरे, पोरं वाट बघतायत तिकडे!" आणि आम्ही पोत्यांतून अस्वलं उपसत होतो. पिवळी वेगळी, बाकीची मागे. आयर्न बेचा संघही बसमधून उतरून मदतीला आला. कशासाठी, ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण बसमध्ये बसून काय करणार होते ते? समोर गाडीत अँटनची आई विणकाम मांडीवर ठेवून हे सगळं बघत होती. तिला वाटत असणार, आमच्याकडे गोल असाच साजरा करतात.

"हे काय लाल आहे?" कोच म्हणाले. त्यांच्या बुटांतून पांढरा फेस बाहेर येत होता आणि हातात एक गुबगुबीत पिवळं अस्वल होतं. त्याच्या पोटावर आडवा लाल पट्टा उमटला होता, बरोबर काठीच्या पात्याएवढा.

रॉबीने आपली काठी आणून त्यावर टेकवली. पट्टा आणि पातं तंतोतंत जुळलं.

"म्हणजे मला अस्वल लागलं?" रॉबी म्हणाला.

"तुला अस्वल लागलं," बाई म्हणाल्या, "आणि अँटनने गोल घातला."

मग जो आवाज झाला तो गोलच्या वेळेपेक्षा मोठा होता. प्रुइट तेवढा ओरडला नाही. "मी तेच तर सांगत होतो," तो म्हणाला, आणि पुन्हा उदास होऊन बसमध्ये गेला.

७

अँटन गाडीजवळ गेला. काच खाली आली. आम्ही सगळे पाच पावलं मागे, लांबून ऐकत नसल्याचं नाटक करत उभे.

"घातलास का?" तिने विचारलं. रेडिओवर सगळं ऐकलं होतं, तरी.

"घातला, आई."

त्याने चकती तिच्या हातात दिली. तिने ती चष्मा लावून पाहिली, उलटी करून पाहिली, अस्वलाच्या गालावरून अंगठा फिरवला.

"हे लाल काय?"

"पास देणाऱ्याचं मेण," अँटन म्हणाला आणि रॉबीला मानेला धरून पुढे ओढलं. "हा तो."

म्हातारीने रॉबीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "एवढी वर्षं कुठे होतास रे तू?"

"शाळेत होतो, काकू," रॉबी म्हणाला.

ती खदखदून हसली. मग तिने शेजारच्या सीटवरून अक्रोडाच्या पावाची गुंडाळी उचलली, रॉबीच्या हातात कोंबली, आणि गाडीचं दार उघडून चक्क बाहेर उतरली.

"चल, दाखव कुठून मारलास."

"आई, तू आत येणार?"

"का नाही? मी आले की तुझा जबडा मोडतो, म्हणून येत नव्हते. आता तू खेळणार कुठे आहेस?"

तिने अँटनच्या दंडाला धरलं आणि जाड बुटांनी बर्फावर पाऊल टाकलं. आम्ही मागोमाग. रिकाम्या मैदानात दिवे अजून चालू होते. निळ्या रेघेपाशी येऊन अँटन थांबला.

"इथून."

तिने जाळीकडे पाहिलं. "अरे देवा, इथून? रेडिओवर एवढं लांब वाटत नाही." मग तिने हात पुढे केला. "दे ती काठी."

कोणीतरी चकती टाकली. जाळी रिकामी होती म्हणून मी पळत जाऊन उभा राहिलो, नुसत्या हातांनी, नेहमीच्या बुटांत. म्हातारीने काठी झाडूसारखी धरली आणि मारली. चकती निघाली, पण इतक्या सावकाश, की बाईंनी समालोचन सुरू केलं आणि मधे दोनदा श्वास घेतला. चकती माझ्यापर्यंत आली. मी पाय जरा फाकवले. ती मधून गेली आणि जाळीला टेकली.

सगळे किंचाळले. डॉक्टर बर्फावर आडवे झाले, त्यांना उठता येईना. अँटनची आई मात्र जागची हलली नाही. काठी छातीशी धरून ती जाळीकडे बघत होती.

"आता कळलं," ती अँटनला म्हणाली. "एवढी वर्षं मी म्हणायचे, सोड हे, घरी ये. आता कळलं, तुला सोडवत का नव्हतं."

अँटन सगळ्यांसमोर रडला, आणि त्याला त्याची अजिबात लाज वाटली नाही. आम्हालाही नाही वाटली.

मग म्हातारीने डोळे पुसले आणि काठीने माझ्याकडे रोख धरला.

"आणि तू रे, जाळीतल्या! मघाशी मुद्दाम सोडलीस, ते दिसलं मला. आणखी एक मारतेय. आता सोडलीस तर याद राख."

मी गुडघे वाकवले, हात पसरले आणि चकतीवर नजर लावली.